हिल्डाबाईंच्या आजोबांची नोकरी

"तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आधीच सांगतो," भेळेची बशी मांडीवर घेत प्रल्हादकाकांनी जाहीर केलं.

"काका, विश्वास ठेवायला कोण आलंय? आम्ही भेळ खायला आलोय," गिरीश म्हणाला. टेक्सासमधल्या फ्रिस्को शहरात रेणूच्या घरी जमलेल्या मंडळींनी खुर्च्या पुढे ओढल्या. काका लेकीकडे, रेणूकडे, राहायला आल्यापासून रविवारी हे असंच चालायचं.

गोष्ट २००६च्या उन्हाळ्यातली. याच रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घरात हिल्डाबाई एकट्याच राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या भिंतीवर आजोबांचा फोटो होता. नदीकाठी उभे, गणवेश, पिळदार मिश्या, चकचकीत बूट. सव्वाशे वर्षांपूर्वी हे गृहस्थ जर्मनीत एका जिल्ह्याचे मुख्य अधिकारी होते. यापलीकडे बाईंना काही ठाऊक नव्हतं. काकांचा तर जन्म बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीत गेलेला. बाईंनी विचारलं, "असा अधिकारी दिवसभर करतो तरी काय?"

मग काय! काकांनी आपल्या सगळ्या साहेबांच्या नोकऱ्या त्या एका जर्मनाच्या अंगावर चढवल्या. घोड्यावरून दौरे, आडगावी बदली, वरिष्ठांची खप्पामर्जी. बाई लहान मुलीसारख्या ऐकत होत्या. पण डाग नसलेल्या नोकरीत रंगत कसली? काकांनी पूर आणला. शहर वाचवायला साहेबांनी पलीकडच्या गावाचा बांध फोडला. झोपेतलं गाव पाण्याखाली गेलं. साहेबांना बढती मिळाली.

बाईंचा चहा कपातच निवला.

पुढच्या आठवड्यात काका गेले, तर घरात गाळाचा वास. बाहेर टेक्सासचं ऊन, करपलेलं लॉन, कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नाही. बाईंनी फोटोकडे बोट दाखवलं. साहेबांचे घोटे पाण्यात होते.

काका घाईघाईने म्हणाले, "मॅडम, मी थाप मारली हो. तुमच्या आजोबांनी काही केलं नाही. मला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही."

बाईंनी त्यांचा हात थोपटला. "तुम्ही भले आहात. मला बरं वाटावं म्हणून आता खोटं बोलताय."

त्यानंतर फोटोतलं पाणी साहेबांच्या गुडघ्याला लागलं.

मग कमरेला. फोटोखालचा भिंतीचा रंग फुगून आला होता.

"काढून ठेवा तो फोटो. आमच्याकडे चला."

"त्यांनी गावाला पाण्यात सोडलं," बाई म्हणाल्या. "मी त्यांना कशी सोडू?"

काकांनी मांडीवरची बशी खाली ठेवली. इथवर सांगणं सोपं होतं.

"मग?" समोर बसलेल्या मालिनीने विचारलं. तिच्या बशीतली भेळ मऊ पडली होती.

"मग काय, मी नवी थाप रचली!" काकांचा आवाज एकदम चढला. "म्हटलं, मॅडम, मी अर्धीच हकीकत सांगितली. साहेबांनी आधी गाव रिकामं केलं, मगच बांध फोडला. माणसं सोडा, कोंबडीसुद्धा बुडाली नाही. बाईंना पटलं. बघता बघता पाणी उतरलं, बूट कोरडे ठणठणीत! आता मुलाकडे असतात सिएटलला. मजेत आहेत."

"मानलं, काका!" गिरीशने टाळी वाजवली. सगळे हसले.

स्वयंपाकघराच्या दारात रेणू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती हसली नाही.

"खोटं, बाबा. त्यांना मुलगा नव्हता. आणि तुम्ही परत गेलाच नाहीत. त्यांचं दार मी उघडलं." तिने ट्रे खाली ठेवला. "कार्पेट कोरडं होतं, बाई ज्या खुर्चीत गेल्या तीही कोरडी होती. फक्त बाईंच्या केसांतून पाणी गळत होतं."