सिग्ने हजर होईपर्यंत

लून लेकच्या आमच्या फूलप्रेमी मंडळाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी भरते. दुपारी दोन वाजता, वाचनालयाच्या तळघरात. दहा बायका, कॉफीचं मोठं भांडं आणि कुणीतरी करून आणलेल्या लिंबाच्या वड्या. मी आर्डिथ. सभेचे नियम सांभाळणं माझ्याकडे. माझ्यामागे मला 'कलमवाली' म्हणतात. म्हणोत बापड्या.

जूनमध्ये, प्रदर्शनाच्या तोंडावर, वाचनालयासमोरच्या आमच्या पिअनीच्या फुलझाडांच्या वाफ्यात कुणीतरी मीठ ओतलं. साठ वर्षांची झाडं आठवड्यात काळी पडली. मिठाची रिकामी गोणी सापडली सिग्ने टॉलेफसनच्या गाडीत, आणि ती सापडली आमच्या अध्यक्षबाईंना, म्हणजे मार्लिसला. सिग्ने एवढंच म्हणाली, "मी नाही केलं."

जुलैच्या सभेत मार्लिसनं प्रस्ताव मांडला. सिग्नेला काढून टाका, यादीतून नावही खोडा. आणि तीस वर्षांत एकही सभा न चुकवलेली सिग्ने नेमकी त्या दिवशी आली नव्हती.

"गैरहजर बाईला फासावर चढवता? माझ्या डोळ्यांदेखत नाही!" मी म्हटलं, आणि उपसूचना टाकली. सिग्ने स्वतः हजर होईपर्यंत प्रस्ताव पुढे ढकलावा. पाच विरुद्ध चार, मंजूर. संध्याकाळी तिची होडी लव्हाळ्यात अडकलेली मिळाली. रिकामी. सिग्ने काही मिळाली नाही. आमचं तळं खोल आहे.

नियम म्हणजे नियम. 'राहिलेली कामं' हा विषय आला, की दर महिन्याला मार्लिसला विचारावंच लागायचं, "सिग्ने टॉलेफसन हजर आहेत?" वहीत 'गैरहजर' लिहायचं. पुढचा विषय. माझी जिवाभावाची मैत्रीण चोरासारखी खोडली जाणार नव्हती, मग लोक मला वेडी म्हणोत.

ऑक्टोबरात तिच्या रिकाम्या खुर्चीची बैठक ओली होती. मी स्टुलावर चढून छताखालून गेलेले नळ चाचपले. कोरडे ठणठणीत. नोव्हेंबरात तिथं शेवाळाचा वास यायला लागला. डिसेंबरात तळं गोठलं, त्यावरून ट्रक जायला लागले, आणि तळघराच्या दारापासून खुर्चीपर्यंत पाण्याचे ठिपके पडलेले दिसले. मी फडक्यानं पुसून घेतले. बोलले कुणाला नाही.

जानेवारीत मार्लिस उसळली. "बास! हे भिजत घोंगडं आणखी किती दिवस ठेवायचं? मेली ती!"

"मेली म्हणून गुन्हेगार ठरते होय गं?"

"आर्डिथ, तुझं ते नियमांचं पुस्तक घाल चुलीत!"

"घालते. पण आधी दोन-तृतीयांश मतं आण. अट पुरी व्हायच्या आत प्रस्ताव उकरून काढायचा, तर नऊपैकी सहा लागतात."

मार्लिस हसली. तिनं आधीच जुळवून ठेवलं होतं. कायम माझ्या बाजूनं असणारी आमची चिटणीस, डेल्फीन, कपात बघत पुटपुटली, "माफ कर गं. मला हे एकदाचं संपायला हवंय."

झाले की सहा.

चिठ्ठ्या मी स्वतः कापल्या. नऊ. वाटल्याही मीच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळ्या जमा झाल्या आणि मी एकेक उघडत गेले. हो, सहा. नाही, एक, दोन, तीन.

डब्याच्या तळाशी आणखी एक होती.

ओली. तिच्यावर हिरव्या मेणपेन्सिलीनं लिहिलं होतं, 'नाही'. झाडांच्या पाट्यांवर नावं घालायची ती पेन्सिल, पाण्यानं पुसली जात नाही. आम्ही सगळ्या काळी वापरतो. हिरवी एकटी सिग्नेच वापरायची.

"कुणी दोनदा टाकली?" मार्लिस ओरडली.

मी दहाही चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"सहा विरुद्ध चार," मी म्हटलं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. "दहांत सात लागतात. पडला."

"ती चिठ्ठी बाद कर!"

"बाद कशी करू? मत सभासदाचंच असतं. नऊ जणी इथं बसल्यात, दहावी एकच आहे. अध्यक्षबाई, अट पुरी झाली. सिग्ने हजर आहे. आता मूळ प्रस्ताव आपोआप चर्चेला आला. पहिलं बोलणं तिचं."

मार्लिसचा चेहरा पांढराफटक पडला. "मी प्रस्ताव मागे घेते."

"सगळ्यांची संमती असेल तरच घेता येतो. कुणाची हरकत?"

मी हात वर केला.

माझ्या मागं खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. उठताना वाजतो तसा.

आम्ही कुणीच वळून पाहिलं नाही. अध्यक्षांची खुर्ची मात्र सगळ्यांकडे तोंड करून असते.

डेल्फीनला लिहिणं सुधरेना, म्हणून इतिवृत्त मी लिहिलं. इतिवृत्तात काय झालं ते लिहायचं, कोण काय बोललं ते नाही, असा नियमच आहे. बरं आहे तो. मी लिहिलं: 'सिग्ने टॉलेफसन तीन मिनिटं बोलल्या. नंतर मतदान. प्रस्तावाच्या बाजूनं शून्य, विरोधात दहा. नाव यादीत कायम.'

मार्लिस त्यानंतर आली नाही. तळ्याकाठचं घर तिनं विकायला काढलंय म्हणतात.

फेब्रुवारीत इतिवृत्त वाचलं. "काही दुरुस्ती?" मी विचारलं. वही मिटून मी कॉफीचा घोट घेतला. सही करायला वही पुन्हा उघडली, तर पान दमट लागलं. 'तीन मिनिटं'मधला 'तीन' खोडून वर हिरव्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'चार'.

त्या दिवशी माझं घड्याळाकडे धड लक्ष नव्हतं, हे खरंच.

"दुरुस्ती मंजूर," मी म्हटलं, आणि सही केली.