उंबरवाडीची झोळी

"बाळंतिणीच्या दाराशी उशीर करायचा नाही, पोरी. पाऊस उशिरा येऊ दे, एसटी उशिरा येऊ दे. आपण नाही!"

एस्तेरबाईंचा हा आवाज मी ऐकला तेव्हा सतरा वर्षांची होते. आमच्या मिशनच्या दवाखान्यात त्या जुन्या परिचारिका होत्या. प्रार्थना हळू म्हणायच्या आणि ओरडायच्या मात्र मोठ्यानं. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. पण ऑगस्टमधल्या त्या सकाळी मोबाईल वाजला, पलीकडून उंबरवाडीचा हणमंत रडत बोलू लागला, तेव्हा आधी तोच आवाज कानात उठला.

"शिष्टर, मंगलला झटकं येत्यात! डोळं पांढरं केल्यात. आमी कांदा हुंगवला, काय बी फरक न्हाई. लवकर या!"

मंगल त्याची बायको. आठवा महिना. उंबरवाडी म्हणजे हिर्डोशीच्या वर, डोंगराच्या काखेत चिकटलेली अकरा घरं. तिथं चाकाची वाट नाही. गरोदर बाईला झटके येतात तेव्हा रक्तदाब डोक्यात गेलेला असतो, आणि प्रत्येक झटक्याला दोन जीव पणाला लागतात. आम्हाला वर पोचायचं होतं, इंजेक्शन द्यायचं होतं आणि दुपारच्या आत तिला खाली आणून भोरला न्यायचं होतं. बस, एवढंच काम!

मिशनच्या फिरत्या दवाखान्याची नर्स मी, सोनिया. आमची जीप चालवणारे शब्बीरभाई भोरचे. वीस वर्षं या घाटरस्त्यांशी त्यांचा संसार. स्टिअरिंग फिरवता फिरवता ते म्हणाले, "सिस्टर, इकडं तुमचा येशू, माझा अल्ला, वर त्यांचा भैरोबा. तिघांनी मिळून एक चांगली स्टेपनी दिली असती तर काय बिघडलं असतं?"

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही.

हिर्डोशीच्या अलीकडे दोन किलोमीटरवर जीप थांबली. डोंगराचा एक अख्खा खांदा रस्त्यावर उतरून बसला होता. लाल चिखल, उपटलेली झाडं, बैलाएवढे धोंडे. आज खरोखरच दरड आली होती!

दरडीपलीकडे घोंगडीची खोळ पांघरून एक म्हातारा उभा होता. हणमंताचे वडील, रखमाजीबाबा. त्यांनी तिथूनच आरोळी दिली, "वरच्या अंगानं या! खालनं माती हलतीया!"

मी औषधांची पेटी पाठीला बांधली. शब्बीरभाईंनी जीपमधला टोचनचा दोर खांद्यावर टाकला. पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. उपसला की चप्पल आतच. एकदा माझ्या पायाखालून धोंडा निसटला आणि खाली, फार खाली, गडगडत गेला. शब्बीरभाईंनी माझा दंड धरला. "खाली नका बघू, सिस्टर. खाली बघायला काही चांगलं नाही."

पलीकडे पोचलो. चढ सुरू झाला.

एरवी ही वाट किती देखणी! भाताची खाचरं पायऱ्या पायऱ्यांनी वर चढतात, जणू डोंगरानं हिरवं लुगडं चुण्या घालून नेसलंय. त्याच्या वर नाचणीचे उतार, त्याच्याही वर कारवीचं रान, आणि रानाच्या माथ्यावर धुकं असं टेकलेलं की जणू गाय वासराला चाटतेय. अधूनमधून ओहोळाचं पाणी पायाला गुदगुल्या करून पुढं जायचं. पण त्या दिवशी मला कशाचंच कौतुक नव्हतं.

रखमाजीबाबा पुढं चालता चालता सहज म्हणाले, "गेल्या म्हयन्यात तुमी येनार व्हता, तवाच तिचं पाय सुजलं व्हतं बगा. तोंड बी. आमची म्हातारी, धोंडा, म्हनली, शिष्टर आली की दाखवू. मंग तुमचा फोन आला, रस्ता बंद हाय म्हनून. काय करनार? दरडीम्होरं कुनाचं चालतंय?"

शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कारवीकडे पाहिलं.

गेल्या महिन्यात दरड आली नव्हती. रस्ता मोकळा होता! त्या दिवशी परदेशी पाहुणे यायचे होते. मध्य अमेरिकेतल्या डोंगरगावांत आमच्यासारखंच मिशनचं काम करणारी माणसं. आमच्या संचालकसाहेबांनी ठरवलं की शिबिर भाटघरला घ्यायचं. तिथं गाडी दाराशी जाते, मागं धरणाचं पाणी दिसतं, फोटो छान येतो! पाहुण्यांत पांढऱ्या केसांची एक डॉक्टरीण होती. होंडुरासमध्ये वीस वर्षं खेचरावर औषधं लादून हिंडलेली. तिनं विचारलं, "रस्ता संपतो त्याच्या पुढची गावं कुठली? आपण तिकडं जाऊ." साहेब हसून म्हणाले, "दरड आलीय." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सिस्टर, उंबरवाडीला फोन करून तेच सांगा."

मी सांगितलं. माझ्या तोंडानं. नोकरी होती, साहेब होते, पाहुणे होते. आणि डोंगरावर एक पोर सुजलेले पाय घेऊन माझी वाट बघत होती!

संताप साहेबांचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी पाय उचलला. पळतच सुटले म्हणा ना!

मंगल घराच्या ओटीवर पडली होती. ओठ चावून रक्ताळलेले. तिची सासू धोंडाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. रक्तदाब एकशे ऐंशी, खाली एकशे वीस. मी फोनवर डॉक्टरांना विचारलं, मॅग्नेशियमची इंजेक्शनं भरली आणि दोन्ही खुब्यांत खोल दिली. पोटाला कान लावला. टक टक टक टक. आतलं पाखरू जिवंत होतं!

"धोंडाबाई, आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं. दरडीच्या पलीकडे ॲम्ब्युलन्स येतेय."

वाडीत झोळी नेण्यात कुणाला काही शिकवावं लागत नाही. वेळूचा दांडा आला, दोन पदरी घोंगडी आली, गाठी बसल्या. हणमंत आणि तीन भाऊबंद दांड्याखाली खांदे द्यायला उभे राहिले. त्यांनी मंगलचं डोकं उताराच्या बाजूला केलं.

"उलटं!" मी ओरडले. "डोकं वरच्या बाजूला हवं. पाय पुढं करा."

कुणी हललं नाही.

"पोटाचं ओझं छातीवर येईल. उलटी झाली तर श्वासात जाईल. फिरवा झोळी!"

रखमाजीबाबा शांतपणे म्हणाले, "शिष्टर, पाय म्होरं करून मानूस या वाडीतनं एकदाच निघतं."

मला कळायला हवं होतं. जन्म इथं गेला माझा. पण मी तडकले. "ही कसली अंधश्रद्धा! बाई मरतेय आणि तुम्ही..."

"मरतीया म्हनू नगा!" हणमंत खेकसला. "त्योच तर वांदा हाय! मढ्यावानी काढायची तर माज्या खांद्यावरनं न्हाई निगायची ती."

दांडा खाली ठेवला गेला. पाऊस वाजत राहिला. घड्याळात साडेदहा. माझी एक चूक, एक शब्द, आणि चार खांदे आखडले! साहेबांनी या माणसांना कमी लेखलं म्हणून मी वाटभर चिडत आले होते, आणि दारात पोचल्यावर मी तरी दुसरं काय केलं?

मी धोंडाबाईंच्या पुढ्यात बसले. "आत्या, चुकलं माझं. पण डोकं खाली गेलं तर ती गुदमरेल. हे खरं आहे. आता तुम्हीच वाट सांगा."

त्यांनी झोळीवरची घोंगडी सारखी केली. मग उठल्या, आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात सूप होतं. सुपात तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळदकुंकू.

"मढ्याच्या म्होरं इस्तवाचं मडकं धरत्यात. व्हय का न्हाई?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. "म्या हिच्या म्होरं वटीचं सूप धरती. मडकं न्हाई, सूप. ज्याला बगायचं त्यानं बगावं, यमानं बी बगावं! वटीची बाई चाललीया. पाय म्होरं असूं द्या न्हाईतर मागं."

रखमाजीबाबांनी पागोट्याला हात लावला. "म्हातारे, तुजं डोकं कवा कवा चालतं."

"तुमचं चाललं असतं तर मला चालवाया लागलं नसतं! उचला रं!"

झोळी फिरली. झोळी उठली. मी डोक्याशी, शब्बीरभाई दोर घेऊन मागं, आणि सगळ्यांच्या पुढं सत्तरीची ती बाई, डोईवर सूप, सुपावर केळीचं पान. ती गात होती. घसा खरखरलेला, पण ठेका ठाम. त्या ठेक्यावर चौघांची पावलं पडत होती.

दरडीबाई तुला आण, वाट माझी अडवू नगं,
भरल्या वटीची लेक माझी, तिला पाण्यात बुडवू नगं.

पाण्यात! मी दचकले. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा आता कमरेला लागला होता. तांबडा, फुगलेला, लाकडं वाहून नेणारा.

शब्बीरभाईंनी दोर अलीकडच्या उंबराला बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि सरळ पाण्यात घुसले. दोनदा बुडाले. एकदा नुसता हात दिसला! मग पलीकडच्या खडकाला मिठी मारून उभे राहिले. दोर ताणला गेला.

आधी धोंडाबाई. एका हातात दोर, दुसऱ्या हातानं डोईवरचं सूप. मग झोळी. चौघांनी दांडा डोक्यावर घेतला. मी मंगलची मान धरून.

मधोमध आलो आणि तिचं अंग ताठ झालं.

"झटका! थांबा! हलू नका!"

पाणी ढकलत होतं. दांडा कडकडला. हणमंताचा पाय सुटला. झोळी एका बाजूला कलली. मंगलनं उलटी केली. मी तिचं तोंड कुशीवर वळवलं, बोटांनी साफ केलं. श्वास? नाही. श्वास? नाही!

"मंगल! ए मंगल!"

पाठ चोळली. हनुवटी उचलली. आणि एक घरघरता, ओबडधोबड, सुंदर श्वास आला!

"घेतला!" मी किंचाळले. "श्वास घेतला! चला!"

हणमंत पाण्यातून वर आला तो दांड्याखालीच. "डोकं खाली असतं तर?" त्यानं धापा टाकत विचारलं. मी मंगलची मान आणखी उचलून धरली. त्यानं पाऊल पुढं टाकलं.

दरडीपाशी हिर्डोशीची माणसं फळ्या टाकून उभी होती. हातोहात झोळी पलीकडे गेली. बारा वाजून दहा मिनिटांनी ॲम्ब्युलन्सचं दार लागलं. भोरमध्ये शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मंगलनं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "शेरडाला कुनी चारा टाकला का न्हाई?"

तिसऱ्या दिवशी संचालकसाहेब आले. सोबत कॅमेरावाला, आणि मिशनचं नाव छापलेला निळा फलक. व्हरांड्यात त्यांनी धोंडाबाईंना फलकासमोर उभं केलं.

"बोला आजी. मिशनची माणसं धावून आली म्हणून सून वाचली. पाहुण्यांना पाठवायचंय. जरा हात जोडून."

धोंडाबाईंनी हात जोडले. नुसते जोडले असते तर एक वेळ चाललं असतं. पण त्या माउलीला खरंच भरून आलं होतं. "देवमानसं हाईत ही. गेल्या म्हयन्यात रस्ता बंद व्हता म्हनून येता आलं न्हाई त्यास्नी, न्हाईतर तवाच आली असती," ती म्हणाली, आणि साहेबांच्या पायाशी वाकली. मग माझ्याकडे वळली. माझ्याही पायाशी वाकू लागली.

साहेबांच्या तोंडावर हसू होतं! कॅमेरा सरळ माझ्यावर होता. भिंतीला टेकून उभे असलेले शब्बीरभाई जमिनीकडे बघत होते.

मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला उभं केलं.

"सिस्टर, वाकू द्या की," साहेब म्हणाले. "छान येतंय."

"कॅमेरा बंद करू नका," मी म्हणाले. माझाच आवाज मला चढलेला वाटला. "हेही पाहुण्यांना पाठवा."

"सिस्टर, आत्ता नको. आत बोलू."

"आत नाही. आत्या, इकडं बघा. माझ्या पाया पडू नका. गेल्या महिन्यात रस्ता बंद नव्हता. दरड आली नव्हती. गाडी तयार होती, औषधं भरलेली होती, आणि आम्ही सगळे भाटघरला धरणापाशी फोटो काढत होतो. मंगलचे पाय मी तेव्हाच बघायला हवे होते. साहेबांनी खोटं सांगायला लावलं हे खरं, पण फोन माझ्या हातात होता. तुमच्याशी खोटं बोलले ती मीच."