कापलेले अकरा सेकंद

खोकं छातीशी धरून ती लिफ्टमध्ये अडकली, तेव्हा वरून एका पुरुषाचा आवाज आला, “घाबरू नका. आत किती जण आहात?”

“मी एकटी. आणि चाळीस लग्नं.”

वरून दाबून धरलेलं हसू ऐकू आलं. चौथ्या मजल्यावरचं मामाचं दुकान ती चालवायची. जुन्या व्हिडिओ कॅसेट दुरुस्त करायच्या, संगणकावर उतरवून द्यायच्या. खोक्यात गिऱ्हाइकांच्या लग्नांच्या कॅसेट होत्या. हे सगळं तिनं लिफ्टच्या छताला सांगितलं आणि छतानं मन लावून ऐकलं. लिफ्ट अर्ध्यावर उघडली, तेव्हा वरून एक हात खाली आला, थबकला, मागे गेला. ग्रीसनं माखला होता तो. लिफ्टवाल्यानं तो स्वतःच्या शर्टाला खसाखसा पुसला आणि मगच पुन्हा पुढे केला. ती तिथेच विरघळली, पण तसं दाखवलं नाही.

त्यानंतर त्या लिफ्टचे लाड सुरू झाले. दर आठवड्याला तपासणी, आणि दर तपासणीनंतर चौथ्या मजल्यावर चहा.

“लिफ्ट बरी आहे ना आता?” ती विचारायची.

“तब्येत नाजूक आहे तिची. यावं लागतं.”

“तिच्यासाठीच?”

तो कपात बघायचा. “चहा… पण बरा असतो इथला.”

असं महिनाभर चाललं. मग एका मंगळवारी त्यानं रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट तिच्यापुढे ठेवली. टीव्हीवरचा जुना गाण्यांचा कार्यक्रम, कुणीतरी घरी भरून घेतलेला. ते चॅनेल कधीच बंद पडलं होतं आणि हा कार्यक्रम दुसरीकडे कुठे मिळत नव्हता.

“रविवारच्या आत होईल? ताईला दाखवायचीय,” तो म्हणाला. “ही एकच आहे. जपून कर… प्लीज.”

‘अहो’चं ‘अगं’ कधी झालं हे दोघांनाही आठवत नव्हतं. तिनं जीव ओतून काम केलं. कॅसेटमध्ये एका जागी फीत इतकी झिजली होती की पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत. मामानं शिकवलं होतं, खराब तेवढं कापायचं, चांगलं तेवढं जोडायचं. तिनं तेच केलं. अकरा सेकंद गेले. सांधा इतका सफाईदार की मामानंही पाठ थोपटली असती.

शुक्रवारी तिनं त्याला खुर्चीत बसवलं आणि कॅसेट लावली. गाण्याचा शेवटचा सूर आला, आणि पडद्यावर थेट साबणाची जाहिरात.

त्याचा चेहरा उतरला. “इथे काहीतरी होतं.”

“तिथे मुंग्या होत्या नुसत्या. मी कापून टाकलं.”

“मुंग्यांच्या मागे होतं ते.”

मग तो बोलला. थांबत थांबत, जमिनीकडे बघत. त्या गाण्यानंतर तो गायक, चांगला धिप्पाड पुरुष, हिरव्या टिकल्यांच्या फ्रॉकमध्ये पुढे यायचा. गिरकी घ्यायचा आणि विचारायचा, “कशी दिसते मी?” आणि अख्खं सभागृह टाळ्या वाजवायचं.

“कुणी हसायचं नाही गं. टाळ्या वाजवायचे. मी बारा वर्षांचा होतो. ताईचा फ्रॉक घालून, दार लावून ते बघायचो. पुढे स्वतःचे घेतले… लपवून. आता फोनवर असे कितीतरी गायक दिसतात. धीर येतो. पण खाली लोकांनी लिहिलेलं वाचलं की तोच धीर पार गळून जातो. ह्या कॅसेटखाली कुणी काही लिहिलेलं नव्हतं. फार वाईट वाटलं की तिथेच थांबवून तासन् तास बघत बसायचो.”

आता तिला कळलं. फीत जुनी होऊन खराब झाली नव्हती. ती त्याच्या बघण्यानं झिजली होती, आणि नेमकं तेवढंच तिनं कापलं होतं.

“आईबाबा गेल्यावर ताईनंच वाढवलं मला,” तो म्हणाला. “गेल्या आठवड्यात तिला ते कपडे सापडले. तिनं बजावलंय, रविवारपर्यंत एक तर ते घराबाहेर जातील, नाहीतर मी. तिला ह्या टाळ्या दाखवणार होतो. वाटलं होतं, तू मुंग्या काढशील.”

“मला आधी सांगायचंस ना…”

“काय सांगणार होतो?”

खरं सांगायचं तर तिला विचित्रही वाटत होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं असणार. तो रुमाल घडी करून निघून गेला. तिनं कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला. फितीचे तुकडे कालच्याच गाडीत गेले होते. ती तिथेच बसून ढसाढसा रडली.

रविवारी दुपारी पावतीवरच्या पत्त्यावर ती पोचली. ताई बाहेर गेली होती. आत गाठोडं बांधून तयार होतं.

“टाकतोय सगळं,” तो म्हणाला. डोळे सुजलेले. “सोपं आहे. ताई खूश, लोक खूश.”

“आणि तू?”

“माझं काय… सवय होईल.”

“टाकायच्या आधी एकदा घालून दाखव मला.”

“हसशील.”

“नाही सांगता येत. पण मी निघून जाणार नाही.”

तो वाकला आणि गाठोडं सोडू लागला. मग आतल्या खोलीत गेला. आला तेव्हा अंगात जांभळा फ्रॉक होता, खांद्यात थोडा तंग, आणि मागची चेन अर्ध्यावर अडकलेली. तिला हसू आलं नाही. तिला भीती वाटली, त्याच्यासाठी. ती मागे गेली, चेनमध्ये अडकलेला धागा सोडवला आणि चेन वर ओढली. तिची बोटं त्याच्या मानेपाशी रेंगाळली.

“ताठ उभा राहा,” ती हळूच म्हणाली. “पोक काढलंस की फ्रॉक मागून वर जातो.”

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. तो खुर्चीवरच्या शर्टाकडे झेपावला, आणि शर्ट हातात धरून तसाच उभा राहिला. आता काही उपयोग नव्हता.

दारात ताई. हातात पिशव्या. तिची नजर फ्रॉकवर गेली, गाठोड्यावर गेली, मग त्या अनोळखी मुलीवर.

“तू कोण?”

ही तीन वाक्यं तिनं आधी ठरवली नव्हती. “मी कॅसेटवाली. माझं प्रेम आहे त्याच्यावर. त्याला अजून सांगितलेलं नाही.”

“हा असा असूनही?” ताईचा आवाज फाटला होता.

“हा असाच आहे, ताई.”

ताई दारातच मटकन बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. ती माफ करत होती की नातं तोडून टाकत होती, कुणालाच कळेना. त्यालाही नाही. पण त्यानं शर्ट पुन्हा खुर्चीवर ठेवला, आणि जांभळ्या फ्रॉकमध्येच जाऊन ताईच्या शेजारी जमिनीवर बसला.