उजवा पदर वर

"मेलेली बाई कादंबरी लिहिते आहे," हिकासा म्हणाला. "आणि चांगली लिहिते आहे, हेच वाईट."

अंझाईने चहाचा पेला खाली ठेवला. तोकिएदाबाईंच्या तपासकचेरीत तो सहायक होता. तिथे त्याने बरंच काही ऐकलं होतं, पण हे नव्हतं.

हिकासा तोक्योतल्या एका प्रकाशनात संपादक होता आणि चिगुसा कायानो त्याची लेखिका. 'कंदीलवाली' ही तिची सचित्र, खिशात मावणाऱ्या पुस्तकांची मालिका पोरांनी डोक्यावर घेतली होती. इइयामा गावातल्या आपल्या खोलीत बसून ती आधी एका संकेतस्थळावर एकेक प्रकरण फुकट टाकायची. तिथून हिकासाने तिला उचललं. सहा भाग निघाले. सातवा अर्धा असताना चिगुसा आजारात गेली. पुढे काय होणार, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

आता त्याच जुन्या पानावर, तिच्याच नावाने, पुढची प्रकरणं येत होती. चार आली होती.

"तिच्या नावाने कोण टाकू शकतं?" तोकिएदाबाईंनी विचारलं.

"मी आणि मालिकेची चित्रं काढणारी नागुमो. परवलीचा शब्द दोघांकडे आहे. शिवाय तिचा संगणक घरी उघडाच असतो. पण घरी कोण? वडील न्हावी. आईने तर अन्न सोडलं होतं. पहिलं प्रकरण आलं आणि ती जेवायला लागली. म्हणते, माझी पोरच लिहितेय."

"मग नडलं कुठे?"

"कोणी थट्टा करत असेल तर मला ते पान बंद करावं लागेल. आणि बंद केलं तर ती बाई पुन्हा अन्न सोडेल." त्याने आवाज उतरवला. "आणखी एक आहे. कंदीलवालीच्या डाव्या गालावर व्रण आहे. नव्या प्रकरणांत तो उजव्या गालावर गेलाय. आणि छातीवर गुंडाळलेल्या किमोनोचा उजवा पदर डाव्याच्या वर. जिवंत माणूस डावा पदर वर घेतो, उजवा फक्त प्रेताचा. वाचक म्हणतात, लेखिका पलीकडून सांगतेय."

"चारही प्रकरणांत तसंच?"

"नाही. चौथ्यात सगळं जागच्या जागी. त्यात कंदीलवाली चक्क पोटभर जेवते. सहा भागांत तिने एक घास खाल्ला नव्हता."

बाईंनी तेवढं वहीत टिपून घेतलं.

नागुमोच्या खोलीत पडद्यावर कंदीलवालीचं चित्र होतं. बोलता बोलता नागुमोने एक कळ दाबली आणि चित्र डावं-उजवं उलटं झालं. व्रण पलीकडे गेला, उजवा पदर वर आला. अंझाईच्या मानेवर काटा आला.

"असं का करता?" त्याने विचारलं.

"सगळेच चित्रकार करतात. सरळ चित्रातल्या चुका डोळ्याला सवयीच्या होतात, उलटं केलं की लगेच टोचतात." तिने चित्र पुन्हा सरळ केलं. "तुम्हाला मीच वाटते ना? मला दोन ओळींचं पत्र लिहायला दिवस लागतो हो."

बाहेर पडताच अंझाई म्हणाला, "हीच. उलटं चित्र दुसरं कोण बघतं?"

"तिला ते टोचतं, अंझाई. लिहिणाऱ्याला टोचलेलं नाही."

इइयामात बर्फ खिडक्यांपर्यंत साचलं होतं. कायानोंच्या केशकर्तनाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दारातच चिगुसाच्या आईने, कायानोबाईंनी, भाताचे गोळे आणि लोणचं पुढे केलं.

"आधी खा. मग काय ते विचारा."

"प्रकरणं चिगुसाच लिहिते?" तोकिएदाबाईंनी विचारलं.

"दुसरं कोण लिहिणार?" त्या बशीकडे बघत म्हणाल्या आणि वर गेल्या.

तोकिएदाबाईंनी अंझाईला खुर्चीकडे ढकललं. "यांची दाढी करा. फारच खुंट वाढलेत."

चिगुसाच्या वडिलांनी, कायानोंनी, फेस लावला. समोर मोठा आरसा होता. त्यात अंझाईला पाठीमागचं घड्याळ दिसलं, काटे उलटे फिरणारं. घड्याळाखाली कंदीलवालीचं मोठं पोस्टर होतं.

"मान हलवू नका," कायानो म्हणाले. "लहान मुलं वस्तऱ्याला घाबरतात. त्यांना गोष्ट सांगावी लागते, मग बसतात गप्प."

"चिगुसाही ऐकायची?"

"त्या बाकावर बसून. अभ्यास बाजूलाच राहायचा." वस्तरा क्षणभर थांबला. "ती गेल्यापासून गोष्ट सांगायचं सोडलंय मी."

"सांगायचं सोडलंय," तोकिएदाबाई शांतपणे म्हणाल्या, "पण लिहायला लागलात."

कायानोंनी वस्तरा पुसून ठेवला.

"हिकासा आणि नागुमो सरळ चित्र समोर ठेवून काम करतात," बाई म्हणाल्या. "उलटा पदर त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. तो सुटेल अशा माणसाच्या, ज्याने ती चित्रातली मुलगी वर्षानुवर्षं उलटीच पाहिली आहे. अंझाई, समोर बघा."

अंझाईने पाहिलं. आरशातल्या मुलीचा व्रण उजव्या गालावर होता. उजवा पदर वर होता.

"तुमचं तोंड दिवसभर आरशाकडे असतं, कायानोसान. आणि पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक असणारच. ती या दुकानातच जन्मली."

"कंदील घेऊन बर्फातून जाणारी पोर," ते हळूच म्हणाले. "चिगुसाने तिला मोठं केलं. ही जेवत नव्हती हो. वाटलं, पोरीचं काही वाचायला मिळालं तर दोन घास खाईल. तिला सांगू नका."

"नाही सांगत."

"पण बाई..." त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. "मी तीनच लिहिली. तिसऱ्यात मुलगी बर्फात अडकली, कंदील विझत आला, आणि मला पुढचं सुचेना. सकाळी संगणक बघतो तर चौथं लिहिलेलं. व्रण डावीकडे, पदर डावा वर. तेव्हापासून मी चिगुसाच्या खोलीचं दार लावत नाही."

अंझाईने नकळत जिन्याकडे पाहिलं.

"सहा भाग ती पोर उपाशी चालली," तोकिएदाबाई म्हणाल्या. "चिगुसाला ते कधी खटकलं नाही. तुम्हालाही नाही. चौथ्यात तिला एका घरात बोलावून, शेकोटीपाशी बसवून, आधी जेवू घातलंय. या घरात येणाऱ्याला बोलण्याआधी जेवू कोण घालतं?"

जिन्यावर कायानोबाई उभ्या होत्या. हातातला चहा निवला असावा.

"तुला माहीत होतं?" कायानोंनी विचारलं.

"पहिल्याच पानाला. पोर पदर चुकवेल होय?" त्या खाली आल्या. "तुम्ही माझ्यासाठी लिहीत होता, म्हणून मी जेवत होते. मग तुम्ही अडलात. परत मुके झालात. तिला बर्फात तशी सोडून झोप कशी लागेल मला?"

कायानो बाकावर बसले, जिथे चिगुसा बसायची.

तोकिएदाबाईंनी हिकासाला फोन लावला. "पान बंद करू नका. थट्टा कोणीच करत नाहीये. पाचवं प्रकरण येईल, थोडा दम धरा. आणि मुखपृष्ठावर कोणाची नावं घालायची, ते यांनाच विचारा."

कायानोबाईंनी स्टूल ओढलं. मागच्या भिंतीवरचं पोस्टर चारी कोपऱ्यांनी जपून सोडवलं आणि समोर आरशाच्या शेजारी लावलं, नवरा वस्तरा हातात घेऊन उभा राहतो तिथून दिसेल असं.

"आता बघा नीट," त्या म्हणाल्या. "डावा पदर वर आहे. जिवंत आहे ती."