कोकमाच्या सरबतातलं विष

"सासूला विष घातल्याचा आळ आलाय माझ्यावर," मृणाली म्हणाली. "आज खरं काय ते कळलं नाय, तर नवरा मला माहेरी धाडणार हाय."

अष्टमी गावातल्या आपल्या ऑफिसात गुप्तहेर हैबतराव चहात खारी बुडवत राहिले. त्यांचा सहायक विशाल मात्र उतावळा. त्यानं वहीत 'विष' लिहूनही टाकलं.

मृणालीची सासू काशीबाई आतड्याच्या कॅन्सरची पेशंट. परवा केमो झाली. काल मृणालीनं केलेलं कोकमाचं सरबत पिताच तिचा घसा आवळला, श्वास कोंडला. थोड्या वेळानं आपोआप बरं वाटलं.

"तेच सरबत मी पातेल्यातनं प्यायले. मला काय झालं नाय."

दुपारी हैबतराव आणि विशाल मृणालीबरोबर धरमतरला तिच्या घरी पोचले. दारात मृणालीची पिशवी भरून ठेवलेली होती. विशालला तिची फार कीव आली.

काशीबाई पडवीत कढत पेज पीत होती.

"पेज कुणी केली?" हैबतरावांनी विचारलं.

"सूनबाईनं. पेज बरी लागते. पन सकाली बर्फातली कोलंबी सोलली, तर बोटांत सुया टोचल्या."

तिचा मुलगा धनेश धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आला होता. तो तावातावानं बोलला, "केमो लय उष्ण पडते. मी आईसाठी जेट्टीवरनं बर्फ आणतो, सरबत गार करून हातात देतो. आणि ही त्यात विष घालते."

"दवाखान्यातून कागद मिळाला असेल?"

"फाईलीत हाय. नर्सबाईनं दिला, मी घडी घालून ठेवला."

हैबतरावांनी घडी उलगडली. मराठीतच होता कागद.

"विशाल, पातेल्यातलं सरबत बाधलं नाही, ग्लासातलं बाधलं. ग्लासात जास्तीचं काय होतं?"

"बर्फ," विशाल पुटपुटला.

"ऑक्झॅलिप्लॅटिन," हैबतरावांनी कागदावरचं केमोच्या औषधाचं नाव वाचलं. "प्लॅटिनमपासून केलेलं औषध. गुणकारी आहे, पण पुढचे काही दिवस गार सोसत नाही. बर्फाला हात लागला की बोटांत सुया, गार प्यायलं की घसा आवळतो. पेज कढत, म्हणून बरी लागते. औषध उष्ण पडलं की गार द्यायचं, ही आपली जुनी रीत. या औषधाला ती चालत नाही. घशाचं आजच डॉक्टरांना कळवा, पुढचा डोस त्यांना विचारूनच."

विशालनं वहीतला शब्द खोडला.

"धनेश," काशीबाई म्हणाली, "कुनाला माहेरी धाडत व्हतास?"

धनेश खाली बघत दाराशी गेला आणि पिशवी उचलून आत नेऊ लागला. मृणाली आडवी आली.

"पिशवी राहू द्या. आधी तो कागद वाचा, मोठ्यानं."

धनेशनं कागद घेतला.

"बर्फ आणि थंड पेय," तो वाचू लागला, "अजिबात देऊ नये."