बाबांचा खुंटा

पुराचं ओसरणारं पाणी लाकडावर एक बारीक तपकिरी रेघ सोडतं. ती वाळली की उतार खरा मानायचा. आज सकाळी दाराच्या चौकटीवर ती वाळलेली दिसली. हायसं वाटायला हवं होतं... वाटलं नाही. रस्ता मोकळा झाला, की आल्बन जाणार होता.

गेल्या शरदात तो सेव्हर्न नदीकाठच्या आमच्या गावाचा इतिहास लिहायला आला. आमच्या 'हंस' पबमध्ये बिअर संपवली आणि कथिलाचा रिकामा पेला सरळ तुळईवरच्या मोकळ्या खुंट्याला अडकवला. सगळ्यांच्या माना वळल्या. त्या तुळईवर फक्त गावातल्यांचे पेले असतात. माणूस गेला की त्याचा खुंटा कुणाला द्यायचा, ते घरच्यांनी ठरवायचं. तो खुंटा माझ्या बाबांचा होता. मी पेला काढून खिडकीत ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

पेला तिथेच राहिला. आल्बनही — माडीवरच्या खोलीत. चौकटीवर कोरलेल्या जुन्या पुरांच्या खुणा वहीत उतरवून घ्यायचा, कोणत्या पुरात अख्खं गाव आमच्या माडीवर झोपलं ते विचारायचा. म्हातारे प्यू अशाच एका पुरात इथल्या टेबलावर जन्मले; त्या टेबलावर ते दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. मला डिवचायचे, खुंटा रिकामाच ठेवणार असशील तर माझी टोपी तरी टांग, पोरी. मी हसण्यावारी न्यायचे.

दुपारी आल्बन बॅग घेऊन खाली आला. सोमवारी एडिंबरोत नोकरीवर रुजू व्हायचं होतं.

"हेटी, पेला नेऊ? आठवण म्हणून."

"पबची वस्तू आहे ती."

"म्हणजे नाही म्हणतेस?"

"मी काहीच म्हटलेलं नाही."

"तेच तर..." तो हळूच हसला. "वर्ष झालं, तू काहीच म्हटलेलं नाहीस."

प्यूंनी टोपी डोळ्यांवर ओढली. म्हणजे ते ऐकत होते.

बाहेरून पहिली गाडी चिखल उडवत गेली. आल्बनने बॅग उचलली. मी खिडकीतला पेला घेऊन पुसला — स्वच्छच होता तो — आणि स्टुलावर चढले. खुंट्यावर धूळ होती. पेला अडकवताना शेजारच्या पेल्यावर वाजला.

खाली उतरायचा धीर झाला नाही. तिथूनच म्हणाले,

"हा खुंटा तुझा. जाऊ नकोस, आल्बन... माझ्याजवळ राहा."