दारात दिलेला नकार

“आई, तू त्या मैदानावर येऊन काय करणार आहेस?” कॉफीचा मग सिंकमध्ये आदळत मिलिंद म्हणाला. “तुला तर फुटबॉल हा शब्दसुद्धा घरात चालत नव्हता!”

सुजाताबाईंच्या हातातली शाल तशीच हातात राहिली... ट्रॉय शहरातल्या त्या घरात आता त्या एकट्याच होत्या. सुभाषराव जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि आज, २००६ सालच्या ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी, ओहायोतलं सुभाषरावांचं छोटंसं कॉलेज आपल्या १९५१ च्या फुटबॉल टीमचा सत्कार करणार होतं. वडिलांच्या जागी उभं राहायला मिलिंद टेक्सासमधल्या शुगर लँडहून आला होता. वडिलांसाठी आला होता... आईसाठी नव्हे!

“मी गाडीतच बसून राहीन,” त्या हळूच म्हणाल्या. “पण मला ने.”

मिलिंदने किल्ल्या उचलल्या.

गाडी हायवेला लागली आणि सुजाताबाईंचं मन मागे मागे धावू लागलं. नागपूरहून शिष्यवृत्तीवर शिकायला आलेला एक सडपातळ मुलगा... शाळेत अनवाणी पायांनी चेंडू मारणारा! इथला फुटबॉल म्हणजे धडका देण्याचा, हातांनी बॉल पळवण्याचा खेळ. पण सुभाषची किक पाहून कोचने त्याला टीममध्ये घेतलं ते केवळ बॉल मारण्यासाठी. त्या हंगामात ती टीम एकामागून एक सामने जिंकत गेली. वसतिगृहात कुणी सुभाषशेजारी जेवायला बसत नसे, तेव्हा वॉल्टर नावाचा एक काळा मुलगा आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसला होता. दोघांची जिवाभावाची मैत्री झाली. आणि शेवटच्या सामन्यात सुभाषने मारलेल्या बॉलमागे जिवाच्या आकांताने धावत गेलेला तो वॉल्टर समोरच्या खेळाडूवर आदळला... तो पुन्हा आपल्या पायांवर कधीच उभा राहिला नाही!

मिलिंदला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होते फक्त विजय, हॉलमधला टीमचा फोटो, आणि कशालाच न भिणारे बाबा. बाबांसारखं व्हायचं म्हणून तो हायस्कूलात जीव तोडून खेळला. आणि एके दुपारी एका मोठ्या विद्यापीठाचा कोच स्कॉलरशिप देऊ करत दाराशी येऊन उभा राहिला!

त्या वेळी वरच्या खोलीत सुभाषराव पलंगाच्या कडेवर बसून थरथरत होते.

“सुजाता, मी त्याला तिथे पाहू शकत नाही गं... मला वॉल्टर दिसतो! पण त्याचा बाप भितो, हे त्याला कळू देऊ नकोस. एवढं वचन दे मला!”

सुजाताबाई एकट्याच जिना उतरल्या होत्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, दारातच त्यांनी कोचला सांगितलं होतं, “माझा मुलगा खेळणार नाही. त्याच्या वडिलांना विचारू नका. या घरात माझंच चालतं!”

“तू माझं आयुष्य संपवलंस!” असं ओरडून मिलिंद बाहेर पडला, तो टेक्सासला गेला आणि तिकडचाच झाला. तो दर रविवारी फोन करायचा. आईचा आवाज ऐकला की एवढंच म्हणायचा, “बाबांना दे.” आणि ती माउली मुकाट्याने रिसीव्हर नवऱ्याच्या हाती द्यायची. “मी सांगतो त्याला खरं,” असं सुभाषराव कितीदा तरी म्हणाले, पण प्रत्येक वेळी त्यांचे ओठ थरथरत, आणि सुजाताबाईच म्हणत, “राहू द्या. त्याचा तुमच्यावर जीव आहे... तो तसाच असू द्या.”

मैदानाच्या कडेला गाडी उभी करून मिलिंद निघून गेला. गाडीच्या काचेतून सुजाताबाईंना लाल कोट घातलेली काही म्हातारी माणसं दिसत होती. त्यांच्यातला व्हीलचेअरवरचा एक जण मिलिंदचा हात धरून बोलत होता. त्यांनी त्याला ओळखलं... तो वॉल्टर होता!

“तू कधी खेळलास का रे?” वॉल्टरने मायेने विचारलं.

“हायस्कूलमध्ये. पुढे आईने खेळू दिलं नाही.”

“आईने?” म्हातारा चकित झाला. “पोरा, तुझंही माझ्यासारखं होईल या धास्तीने त्या दिवशी सुभाष मला फोनवर रडत सांगत होता. ‘कोच खाली उभा होता, माझे पाय जिना उतरेनात, बायकोने सगळं स्वतःवर घेतलं,’ म्हणाला. मी त्याला कितीदा सांगितलं, ‘बॉल तू मारलास, पण धावत जाऊन आदळलो मी!’ त्याने शेवटपर्यंत ऐकलं नाही... आणि तुला हे कुणीच सांगितलं नाही?”

मिलिंदने वॉल्टरचा हात सोडला. तो वळला, चालता चालता धावू लागला. गाडीचं दार उघडून तो तिथेच ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला.

“आई... इतकी वर्षं! मला एकदा तरी का नाही सांगितलंस?”

सुजाताबाईंनी त्याच्या पांढरे होऊ लागलेल्या केसांवरून हात फिरवला. हा स्पर्श त्या विसरूनच गेल्या होत्या!

“दोघांवरही रागावला असतास, तर घरी फोन कुणाला केला असतास, बाळा?”

मिलिंदने आईच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि तो चव्वेचाळीस वर्षांचा माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

“मी तुला ‘कशी आहेस’ असंसुद्धा कधी विचारलं नाही गं...”

“त्यांच्यावर रागावू नकोस रे. तेवढ्यासाठी तर मी...”

एवढ्यात लाउडस्पीकरवर नाव पुकारलं गेलं, “सुभाष मेश्राम!” कुणीच पुढे येईना, म्हणून पुन्हा एकदा पुकारलं गेलं. मिलिंदने डोळे पुसले आणि आईचा हात धरला.

“चल.”

“मी? मी कशाला रे तिथे?”

“बाबांच्या वाट्याचं सगळं तूच सोसलंस ना? मग हेही तूच घ्यायचंस!”

सुजाताबाई लेकाच्या आधाराने त्या मोठ्या हिरव्या मैदानावर पाऊल टाकत्या झाल्या. माइक धरलेल्या तरुणाने अदबीने वाकून विचारलं, “सत्कार घ्यायला कुणाचं नाव सांगू, सर?”

मिलिंदने माइक आपल्या हातात घेतला. त्याचा आवाज कापत होता, पण एकेक अक्षर स्पष्ट होतं.

“सुजाता मेश्राम,” तो म्हणाला. “माझी आई!”